बंद पडलेल्या कंपनीचं कुलूप उघडण्याआधी: शेडमध्ये, टाक्यांत आणि जमिनीत काय काय असू शकतं आणि ते कसं हाताळायचं

बँकेच्या लिलावात एमआयडीसीतला एखादा बंद प्लॉट मिळाला किंवा बंद कारखान्याचं भंगार उचलायचं कॉन्ट्रॅक्ट लागलं, की नाक्यावरून चार मजूर आणायचे, हातात झाडू-फावडी द्यायची आणि साफ करून टाका म्हणायचं, हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही. पण सगळ्यात जास्त धोका याच टप्प्यात असतो. चालू कंपनीत निदान कुठल्या टाकीत काय आहे ते ऑपरेटरला माहीत असतं, कंपनी बंद पडली की ती माहिती त्याच्याबरोबर गावी निघून जाते आणि माल मात्र तिथेच राहतो.

म्हणून ज्या क्रमाने काम व्हायला पाहिजे त्याच क्रमाने लिहितोय. प्लॉट घेणारे, शेड भाड्याने घेणारे, डिमॉलिशनवाले, भंगारवाले, कंपनीच्या भिंतीला लागून राहणारे, सगळ्यांनाच यातलं काहीतरी लागेल.

पहिलं काम: तिथे काय बनायचं ते शोधा

कुलूप नंतर उघडा, आधी कागद. प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कंपनीला दिलेलं संमतीपत्र, ज्याला सगळे कन्सेंट म्हणतात, ते मिळवा. कुठलं प्रॉडक्ट महिन्याला किती, सांडपाणी किती, घातक कचरा कुठल्या प्रकारचा आणि किती, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. जुन्या मालकाकडे नसेल तर मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज टाका. डिशकडे म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे फॅक्टरीचा नकाशा मागा, आणि सॉल्व्हंट किंवा डिझेलच्या जमिनीखालच्या टाक्या असतील तर पेसोचं म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचं लायसन्स होतं का ते बघा. लिलावाच्या नोटिशीत "जसं आहे, जिथे आहे" अशी अट असतेच, म्हणजे ॲसिडची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात पुरलेला गाळसुद्धा तुमच्या गळ्यात येऊ शकतो, त्यामुळे हा शोध पैसे भरायच्या आधी झाला पाहिजे.

कागदावर नसतं ते जुने कामगार सांगतात. ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट चालवणारा, बॉयलर अटेंडंट, रात्रपाळीचा वॉचमन, यांच्यापैकी एखादा जवळपासच्या गावात सापडतोच. त्याला घेऊन बसा, चहा पाजा, आणि फक्त विचारा की गाळ कुठे टाकायचे, ड्रम कुठे ठेवायचे, पावसाळ्यात पाणी कुठून बाहेर जायचं. गूगल अर्थवर जुन्या वर्षांचे फोटो बघता येतात, त्यात आत्ता बुजवलेला एखादा खड्डा किंवा रंगीत पाण्याचं तळं दिसून जातं.

प्रॉडक्ट कळलं की निम्मं काम झालं. प्लेटिंगचं म्हणजे धातूवर मुलामा द्यायचं युनिट असेल तर सायनाइड, क्रोमियम, निकेल आणि ॲसिड धरूनच चाला. इंजिनीअरिंग शॉप असेल तर पार्ट धुवायला वापरलेलं ट्रायक्लोरोइथिलीन आणि कटिंग ऑइल. डायचे इंटरमीडिएट म्हणजे रंग बनवायला लागणारी मधली रसायनं बनत असतील तर नायट्रोबेन्झिन, ॲनिलिन असली रसायनं, जी कातडीतून आत जातात आणि माणसाचे ओठ-नखं निळी पडायला लागतात, हे लक्षण दिसलं की कपडे काढून भरपूर पाण्याने धुवायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. बॅटरी फोडायचं किंवा शिसं वितळवायचं युनिट असेल तर धूळसुद्धा विषारी. बर्फाचा कारखाना, कोल्ड स्टोरेज, डेअरी असेल तर अमोनियाची लाइन रिकामी केली होती का हा पहिला प्रश्न. बंद साखर कारखान्यात लोक फक्त मळीच्या टाकीकडे बघतात, पण गंधकाचं गोदाम असतं आणि लॅबमध्ये साखरेचं प्रमाण काढायला वापरायचे ते लेड सबॲसिटेट असतं, म्हणजे परत शिसंच. मुंबईच्या कापडगिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करत बंद पडल्या तेव्हा त्यांच्यात हे जवळजवळ सगळंच होतं, बॉयलरच्या पाइपवरचं लॅगिंग म्हणजे उष्णता अडवायला गुंडाळलेला थर, डायहाऊस, फर्नेस ऑइलच्या टाक्या, ट्रान्सफॉर्मर.

पहिली फेरी: हात न लावता

पहिल्या दिवशी फक्त बघायचं. दिवसाउजेडी, कमीत कमी दोघं, तिसरा गेटवर मोबाइल घेऊन उभा. सेफ्टी शूज, हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे कपडे, टॉर्च. पाऊस चालू असेल तर जाऊच नका, कारण उघड्या चेंबरवर पाणी साचलं की जमीन कुठली आणि खड्डा कुठला ते कळत नाही.

वीज बंद आहे यावर विश्वास ठेवू नका. महावितरणने मीटर काढलेलं असलं तरी शेजारच्या शेडमधून ओढलेली वायर असू शकते, म्हणून लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून टेस्ट करून, अर्थिंग करूनच पॅनेलला हात.

छतावर कुणालाही चढवायचं नाही. जुना सिमेंटचा पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि पाय पडला की बिस्किटासारखा तुटतो, खाली वीस-पंचवीस फुटांवर काँक्रीट असतं. पत्रे काढायचेच असतील तेव्हा खाली जाळी, वर फळ्या आणि कमरेला हार्नेस, याशिवाय नाही.

साप असणारच, घोणस आणि नाग दोन्ही पत्र्यांच्या ढिगात आणि केबल ट्रेंचमध्ये बसतात. उंच चिमणीला किंवा टाकीला आग्या मोहळ आहे का ते आधी लांबून बघा. कबुतरं-वटवाघळांच्या विष्ठेचा थर कोरडा झाडायचा नाही, पाणी मारून ओला करायचा, तो भुगा फुफ्फुसात गेला की आजार होतो. उंदरांमुळे साचलेल्या पाण्यात लेप्टोची भीती, त्यामुळे पायाला जखम असेल तर गमबूट घालूनसुद्धा त्या पाण्यात उतरू नका.

या फेरीत नकाशा काढा. कागदावर शेड, टाक्या, नाल्या, ड्रम, ट्रान्सफॉर्मर, डाग पडलेली जमीन, सगळं मार्क करा, प्रत्येकाचा फोटो काढा. पुढचं प्रत्येक काम याच नकाशावर चालणार आहे.

टाक्या, सम्प, चेंबर: इथे जरा थांबून वाचा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हा भाग ठेवा. बंद कंपनीतली कुठलीही झाकलेली किंवा खोल जागा, ईटीपीची टाकी, मळीची टाकी, रिअॅक्टर, पाण्याचा सम्प म्हणजे जमिनीतला हौदसुद्धा, ही गॅस चेंबर आहे असं समजूनच वागायचं.

सगळ्यांना वाटतं की आत विषारी गॅस असेल तर वास येईल. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो हे खरं, पण हवेत त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत शंभर भागांच्या) आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं, उतरणाऱ्याला वाटतं गॅस निघून गेला. ५०० च्या पुढे काही मिनिटांत माणूस कोसळतो. आणि ईटीपीचा गाळ वरून शांत दिसतो, फावडं घातलं की आत अडकलेला गॅस एकदम वर येतो, त्यामुळे उतरताना हवा ठीक होती हे पुरेसं नाही, काम चालू असताना मीटर सतत चालू पाहिजे.

दुसरं म्हणजे ऑक्सिजन. लोखंडाची टाकी वर्षानुवर्षं बंद असेल आणि आतून गंजत असेल तर तो गंज आतल्या हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. टाकीत कधीच केमिकल नव्हतं, नुसतं पाणी होतं, तरी माणूस मरू शकतो तो यामुळे. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली असेल तर उतरायचं नाही, आणि १० च्या खाली गेला तर माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, तो सरळ पडतो.

विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायची जुनी पद्धत अजून कुणीकुणी वापरतं. कंपनीत ती अजिबात नको. कंदिलाला हायड्रोजन सल्फाइड कळत नाही, आणि आत सॉल्व्हंटची वाफ असेल तर कंदीलच स्फोट करेल.

मग करायचं काय? चार गॅस मोजणारा मीटर घ्या, भाड्यानेही मिळतो, ऑक्सिजन, ज्वलनशील गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड, चारही. नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी तिन्ही ठिकाणी मोजा कारण जड वाफा तळाला बसतात. ज्वलनशील गॅस स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या, म्हणजे स्फोट व्हायला कमीत कमी जेवढा गॅस लागतो त्याच्या, १० टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. ब्लोअरने ताजी हवा आत मारा, परत मोजा. उतरणाऱ्याला हार्नेस आणि वर तिपाई-विंच, म्हणजे त्याला बाहेर काढायला दुसऱ्याने आत जायची गरज पडणार नाही. वर एक माणूस फक्त बघायला, त्याला दुसरं काहीही काम नाही.

आणि हे मजुरांना त्यांच्या भाषेत, मराठीत, हिंदीत, जी असेल त्यात, चार वेळा सांगा: आतला माणूस पडला तर मागे उडी मारायची नाही. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असे एकाच टाकीत दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि त्यात बऱ्याचदा भाऊ-भाऊ नाहीतर काका-पुतण्या असतात. पंखा चालू ठेवायचा, विंचने ओढायचं, ११२ ला फोन करून फायर ब्रिगेडला बोलवायचं.

मास्कबद्दल पण स्पष्ट सांगतो. रुमाल म्हणजे काहीच नाही. एन-९५ धुळीसाठी आहे, गॅससाठी नाही. कार्ट्रिजवाला मास्क ठरावीक गॅस गाळतो पण ऑक्सिजन तयार करत नाही, त्यामुळे टाकीत तो घालून उतरणं म्हणजे फसवी सुरक्षा. तिथे बाहेरून हवा देणारा सेटच लागतो आणि तो वापरायचं ट्रेनिंग घेतलेला माणूस लागतो.

ड्रम, कार्बॉय, सिलिंडर आणि लॅब

लेबल नसलेला ड्रम म्हणजे सगळ्यात वाईट माल आहे असं धरायचं. फुगलेला असेल तर झाकण उघडू नका, आत प्रेशर आहे. गंजून तळ गेलेला असेल तर हलवू नका. अंदाज घ्यायला वास घेऊन बघणारे महाभाग असतात, त्यांना साइटवरून घरी पाठवा. ॲसिडचा माल एकीकडे, सायनाइड दुसरीकडे, मध्ये भरपूर अंतर, कारण दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड गॅस होतो, आणि म्हणूनच प्लेटिंग शॉपची फरशी डाग जात नाहीत म्हणून ॲसिड ओतून धुणं हा जिवाशी खेळ आहे. स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंगला म्हणजे पृष्ठभाग ॲसिडने साफ करायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात, ते अंगावर पडलं तर सुरुवातीला फारसं काही वाटत नाही आणि काही तासांनी आत हाडापर्यंत जाळत जातं, त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लागतं, ते आधीच आणून ठेवा.

रिकामा ड्रम गॅस कटरने कापताना होणारे स्फोट हा वेगळाच विषय आहे. टोल्युईनसारख्या सॉल्व्हंटचा ड्रम रिकामा झाला तरी तळाला पेलाभर राहतंच, त्याची वाफ हवेत मिसळून ड्रमभर पसरते, कटरची ठिणगी लागली की झाकण उडतं. भरलेल्या ड्रमपेक्षा असा रिकामा ड्रम जास्त घातक. जमिनीखालच्या तेलाच्या टाकीचंही तसंच, आधी गाळ काढा, हवा मारून किंवा पाणी भरून वाफ घालवा, मीटर लावा, मगच कटर.

आणि ते निळे प्लॅस्टिकचे ड्रम. आठवडी बाजारात पाणी भरायला विकले जातात, लोक घरात प्यायचं पाणी साठवतात. कीटकनाशकाचा किंवा डायच्या केमिकलचा ड्रम धुऊन विकणं हे माझ्या मते सरळसरळ विष विकणं आहे, चारशे रुपयांसाठी करू नका. भोकं पाडा, चिरून टाका आणि घातक कचऱ्यातच पाठवा.

सिलिंडरला तर हातच नको. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरला वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या क्लोरीनच्या सिलिंडरमधून गळती झाली आणि शंभरहून जास्त लोकांना त्रास झाला. व्हॉल्व्ह गंजलेला असतो, पान्याने फिरवला की तुटतो. सप्लायर कंपनीला किंवा फायर ब्रिगेडला बोलवा. लॅबमध्ये जुनी पिक्रिक ॲसिडची बाटली सुकलेली दिसली, किंवा ईथरच्या बाटलीच्या तोंडाशी खडे जमलेले दिसले, तर बूच फिरवू नका, दार लावा आणि बाहेर या, दोन्हींचा स्फोट होतो.

तोडफोड करताना

सिमेंटचे पन्हाळी पत्रे म्हणजे जुन्या शेडमध्ये बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसच. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे अजून कायदेशीर आहेत म्हणून लोकांना ते निरुपद्रवी वाटतात, पण तुटताना त्यातले बारीक तंतू उडतात आणि त्यांचा कॅन्सर वीस ते चाळीस वर्षांनी निघतो, तोपर्यंत मजुराला आठवतही नसतं की कुठल्या साइटवर काम केलं होतं. पत्रे ओले करायचे, बोल्ट कापून अख्खे उतरवायचे, वरून फेकायचे नाहीत, ग्राइंडर लावायचा नाही, जाड प्लॅस्टिकच्या दोन थरांत गुंडाळायचे. तुकडे रस्त्याच्या भरावात टाकू नका. पत्र्यापेक्षा वाईट म्हणजे बॉयलरच्या पाइपवरचं पांढरं-करडं लॅगिंग आणि बॉयलरच्या दाराला गुंडाळलेली दोरी, ते हाताने चुरगळतं, म्हणून ते ट्रेनिंग असलेल्या एजन्सीकडूनच काढून घ्या.

जुने गर्डर आणि टाक्यांवर शेंदरी प्रायमर असतो, त्यात शिसं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम २०१७ पासून लागू झाला, कंपनीच्या स्ट्रक्चरला तो लागू नव्हता. त्या रंगावरून गॅस कटर चालवला की शिशाचा धूर होतो आणि कटरवाला तो दिवसभर ओढतो. जिथे कापायचं तिथला चार-पाच इंच पट्टा आधी ओला करून खरवडून घ्या. कामाचे कपडे साइटवरच ठेवा, हात-तोंड धुतल्याशिवाय जेवण-तंबाखू नाही, कारण ती धूळ कपड्यांवरून घरी जाते आणि मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या मेंदूला तिचा त्रास जास्त होतो.

ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमधलं तेल भंगारवाल्याला विकायच्या आधी लॅबमध्ये टेस्ट करा. जुन्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं. ते ५० पीपीएम किंवा जास्त निघालं तर ते तेल घातक कचरा. २०१६ च्या केंद्राच्या आदेशानुसार त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण थांबवायचा होता. ते तेल जाळायचं नाही, शटरिंगला लावायचं नाही.

पारा दिसला तर झाडूने गोळा करू नका, बारीक थेंब होऊन आणखी पसरतो आणि त्याची वाफ होत राहते. कोडाईकॅनालची थर्मामीटर फॅक्टरी २००१ मध्ये बंद झाली ती फुटके थर्मामीटर गावातल्या भंगाराच्या दुकानात सापडल्यावर, आणि तिथल्या मातीचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षं चालला.

तीन पाकळ्यांची किरणोत्सर्गाची खूण असलेला जड डबा, मग तो टाकीच्या लेव्हल गेजला लावलेला का असेना, उघडायचा नाही. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० मध्ये विद्यापीठाने लिलावात काढलेल्या यंत्रातला किरणोत्सारी कोबाल्ट-६० कापला गेला, एक जण मेला आणि बाकीचे भाजले. लांब व्हा, लोकांना हटवा, पोलीस आणि अणुऊर्जा नियामक मंडळ यांना कळवा.

माल बाहेर काढणं

घातक कचरा साध्या डंपरने जात नाही. मंडळाकडून परवानगी घ्या, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अधिकृत विल्हेवाट केंद्रं आहेत, आणि प्रत्येक गाडीबरोबर मॅनिफेस्ट जातो, म्हणजे कुठून निघालं आणि कुठे पोचलं याचा फॉर्म. केंद्राची सही होऊन परत आलेली प्रत हातात पडल्याशिवाय ट्रान्सपोर्टवाल्याचे पूर्ण पैसे देऊ नका. स्वस्तात उचलतो म्हणणारा माणूस तो माल घाटात नाहीतर नाल्यात ओततो, आणि ड्रमवरच्या नावावरून शोध शेवटी तुमच्यापर्यंत येतो.

जमीन आणि पाणी

शेड मोकळं झालं म्हणजे साइट साफ झाली असं नाही. भोपाळचं उदाहरण बघा, १९८४ ची गॅसगळती सगळ्यांना माहीत आहे, पण कंपनीच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन कचरा पिथमपूरला हलवायला जानेवारी २०२५ उजाडलं, आणि तो वर गोळा केलेला कचरा, जमिनीत मुरलेलं वेगळंच. आजूबाजूच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या हे सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमियमची रसायनं बनवणारी कंपनी बंद पडली आणि मागे दीड लाख टनांहून जास्त क्रोमियमचा कचरा ठेवून गेली.

मातीचे नमुने कुठून घ्यायचे हे तुमचा नकाशा सांगतो: गाळ सुकवायचे वाफे, नाल्यांची वळणं, टाक्यांच्या पायाशी, ट्रान्सफॉर्मरखाली, मागच्या भिंतीजवळचा सखल कोपरा, आणि तुलनेसाठी एक आवाराबाहेरचा, चढाच्या बाजूचा. पिवळी-हिरवट माती किंवा पिवळं पाणी दिसलं तर क्रोमियम, निळी छटा दिसली तर सायनाइड किंवा तांबं असू शकतं, पण बिनरंगाची माती स्वच्छ असते असं अजिबात नाही. वरचा थर आणि मीटरभर खालचा, दोन्ही घ्या. सॉल्व्हंटसाठी काचेची बाटली काठोकाठ भरून बर्फाच्या डब्यात, आणि चार जागची माती एकत्र मिसळायची नाही, मिसळताना सॉल्व्हंट उडून जातं आणि रिपोर्ट छान येतो.

लॅब एनएबीएलची म्हणजे राष्ट्रीय मान्यता असलेली बघा आणि त्यांची मोजायची किमान मर्यादा आधी विचारा. प्यायच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, पारा ०.००१, कॅडमियम ०.००३, एकूण क्रोमियम ०.०५ या भारतीय मानकाच्या मर्यादा आहेत. लॅबचं मशीन ०.०५ च्या खाली शिसं मोजूच शकत नसेल तर रिपोर्टवरच्या "बीडीएल" म्हणजे मोजायच्या मर्यादेच्या खाली या शेऱ्याला शून्य अर्थ आहे, आणि असे रिपोर्ट दाखवून प्लॉट विकले जातात.

आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून जातं, त्यामुळे कंपनीच्या शेजारचं बोअर स्वच्छ आणि अर्धा किलोमीटर लांबचं खराब असं होऊ शकतं. ट्रायक्लोरोइथिलीनसारखी रसायनं पाण्यापेक्षा जड, ती खाली खाली जात राहतात. म्हणून उताराच्या बाजूची बोअरं आणि विहिरी पण तपासा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसानंतर.

जुलै २०२५ पासून प्रदूषित जागांसाठी केंद्राचे वेगळे नियम आलेत, त्यात सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकलाय. पण आधीचा मालक दिवाळ्यात गेलेला असतो, म्हणून खरेदीखताआधीचा रिपोर्ट, तारखेचे फोटो आणि मंडळाला लिहिलेलं पत्र एवढं तुमच्याकडे पाहिजेच, नाहीतर ते प्रदूषण तुमचं नाही हे दाखवायला तुमच्याकडे काहीच नसेल. शेजारी राहणाऱ्यांनीही बोअरचा रिपोर्ट जोडून लेखी तक्रार द्यावी, नुसतं तोंडी सांगून उपयोग होत नाही.

आणि बंद कंपनीत वॉचमन बहुतेक वेळा बायकामुलांसकट राहतो, आवारातल्याच बोअरचं पाणी पितो, तिथेच भाजी लावतो. रिपोर्ट यायला आठवडे लागतात. ताबा घेतल्या दिवसापासून त्यांच्यासाठी बाहेरून पिण्याच्या पाण्याचे जार सुरू करा, आवारातली भाजी बंद करा, आणि रिपोर्टमध्ये शिसं निघालं तर त्याच्या मुलांची रक्ततपासणी तुमच्या खर्चाने करून घ्या.